खडकीचे घर : मणका मोडलेल्या जवानांच्या निवासाचा इतिहास

पुण्याला लागून असलेल्या खडकी छावणीत १९७४ साली एक संस्था सुरू झाली. कागदोपत्री तिचे नाव पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. फौजेतली माणसे तिला पीआरसी म्हणतात आणि मराठी वर्तमानपत्रे अपंग सैनिक पुनर्वसन केंद्र. पाठीच्या कण्याला इजा होऊन कंबरेखालचे, काहींचे मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडलेले जवान येथे राहतात. रुग्णालयाचे काम संपल्यावर ते येथे येतात आणि त्यांतले पुष्कळ जण उरलेले आयुष्य येथेच काढतात. २०२४ मध्ये या संस्थेला पन्नास वर्षे झाली.

हिवरखेडच्या स्मरणिकेत खडकीचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. तेल्हारा तालुक्यातून, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावांतून, मुले पिढ्यान् पिढ्या फौजेत जात आली आहेत. पूर्वी ती अकोला-खंडव्याच्या मीटरगेज गाडीने निघत; तीच लाइन पुढे महूच्या छावणीपर्यंत जाई. ती गाडी २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली, भरतीला जाणे काही थांबले नाही. जाणाऱ्याचा गाव सत्कार करतो. पेन्शन घेऊन परतणाऱ्याची घरापर्यंत मिरवणूक निघते. जो स्ट्रेचरवरून परततो त्याची व्यवस्था काय, याला मात्र गावाकडे उत्तर नसते. ज्यांनी ते उत्तर शोधायला सुरुवात केली त्यांची हकीकत आपल्या माणसांना ठाऊक असली पाहिजे.

बेघर माजी सैनिक हा प्रश्न अमेरिकेत उघड्यावर दिसतो. तिथे दर वर्षी जानेवारीत एका रात्री बेघरांची गणती होते; २०२४ च्या गणतीत सुमारे ३३ हजार माजी सैनिक निवाऱ्यांत किंवा रस्त्यावर आढळले. आपल्याकडे गणवेश उतरवलेला जवान फुटपाथवर सहसा सापडत नाही. थोडेफार वावर असते, भाऊबंद असतात, महिन्याला पेन्शन येते. म्हणून आपण समजतो की हा प्रश्न आपला नाही. पण ज्या घरात त्याला स्वतःच्या बळावर शिरता येत नाही, न्हाणीपर्यंत जाता येत नाही, रात्री कूस बदलता येत नाही, त्या घराच्या उताऱ्यावर नाव असले तरी तो बेघरच आहे. माझ्या मते आपल्या भागातले सैनिकांचे बेघरपण हे असे, छपराखाली झाकलेले आहे, आणि त्यामुळेच त्याची गणती कधी होत नाही.

वऱ्हाडातले जुने घर डोळ्यांपुढे आणा. रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या चढून ओसरी, तिथून उंच उंबरठा ओलांडून माजघर. न्हाणी मागे परसात. संडास त्याहून दूर आणि त्याचे दार जेमतेम दोन फुटांचे. व्हीलचेअरच दोन-सव्वादोन फूट रुंद असते, शिवाय चाके हाताने फिरवायची तर कोपरांना जागा लागते. घराबाहेर काळी जमीन. मृगाचा पाऊस पडून गेला की या मातीत बंडीचे चाक रुतते. व्हीलचेअरची पुढची दोन चाके तर वितीएवढी असतात. म्हणजे पावसाळाभर घरात. उन्हाळा त्याहून वाईट. मज्जारज्जूची इजा वरच्या भागात, मानेजवळ असेल तर इजेच्या खालच्या शरीराला नीट घाम येत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा धडधाकट माणूस हैराण होतो. अशा माणसाला तर त्या दिवसांत केवळ उष्म्यानेही जिवाचा धोका असतो.

हे सगळे सांभाळायचे कोणी? आई-बाप थकलेले. भाऊ पहाटेच वावरात गेलेला. बायको एकटी, तिच्या अंगावर लेकरे. कुटुंबाला दोष देण्याचा यात प्रश्नच येत नाही. हे काम एका घराच्या ताकदीबाहेरचे आहे, आणि खडकीच्या संस्थेचा जन्म याच वास्तवातून झाला.

त्याच्या आधीचा इतिहास थोडा मागून सांगावा लागतो. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले. जखमी होऊन जे परतले त्यांच्यासाठी १९१७ साली, मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने, मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. हात-पाय गमावलेल्या शिपायाला एखादा धंदा शिकवून पायावर उभे करायचे, हा त्याचा हेतू. ही शाळा पुढे खडकीला आली आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने अजून चालते. शंभरी ओलांडलेली ही संस्था खडकीच्या सगळ्या कामाची थोरली बहीण म्हणावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. त्याच सुमारास युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी देहरादूनला सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह सुरू झाले होते.

या सगळ्या व्यवस्थेत एक माणूस कुठेच दिसत नाही : ज्याचा मणका मोडला तो. कारण साधे आणि भयंकर आहे. तो जगतच नसे. पाठीला पडलेल्या जखमा चिघळत, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचे आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, तो दगावे. डॉक्टरही त्याची आशा सोडून देत. हे बदलले ते इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात. नाझी जर्मनीतून १९३९ साली बाहेर पडलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांच्याकडे १९४४ मध्ये तिथला मज्जारज्जूच्या इजांचा विभाग आला. त्यांचा मुख्य उपाय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल : दर दोन तासांनी, रात्रंदिवस, रुग्णाची कूस बदलायची. लघवीची व्यवस्था निर्जंतुक ठेवायची. आणि त्याला खाटेवर पडू न देता कामाला आणि खेळाला लावायचे. माणसे जगू लागली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, गुटमान यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकची ती सुरुवात.

माणसे जगू लागली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. आता ती राहणार कुठे?

आपल्याकडे हा प्रश्न १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी दारात आणून ठेवला. ज्या जवानांच्या कण्यात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा रुतला ते आता लष्करी रुग्णालयांतून वाचत होते. त्यांतला एक जवान मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे फौजेच्या ईएमई या तांत्रिक दलातले जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले आणि ते पोहू लागले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यांना परदेशी स्पर्धांना जाण्यासाठी मदत मिळवून दिली. १९७० मध्ये एडिंबरोच्या स्पर्धेत सुवर्ण, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्णपदक. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, तब्बल शेहेचाळीस वर्षांनी. हा उशीर मला बोचतो. पण खडकीच्या इतिहासात पेटकरांचे स्थान वेगळ्या कारणासाठी आहे. लुळे पडलेले शरीर म्हणजे संपलेला माणूस, ही समजूत त्यांनी देशाच्या डोळ्यांदेखत मोडून काढली, आणि ती मोडल्यानंतर दोनच वर्षांनी खडकीचे घर उघडले.

खडकीच का, याचे कारण शेजारात आहे. तिथल्या लष्करी रुग्णालयात मज्जारज्जूच्या इजांवर उपचार करणारा विभाग होता. दक्षिणेकडून, पूर्वेकडून, काश्मीरकडून असे रुग्ण तिथे पाठवले जात. उपचार संपत; रुग्णालयाची खाट कोणाला कायमची देता येत नाही. वरून आदेश आला की जवान सेवामुक्त, आणि सेवामुक्त जवान म्हणजे आता तो नागरी व्यवस्थेचा आणि घरच्यांचा. घर कुठे तरी गढवालच्या चढणीवर, नाही तर आपल्यासारख्या काळ्या मातीत. म्हणून रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर कायमच्या निवासाची कल्पना पुढे आली. ताप चढला, जखम दिसली, लघवीची नळी तुंबली तर तासाभराच्या आत तज्ज्ञ डॉक्टरांपुढे जाता यावे. अशा रुग्णाच्या बाबतीत हा तासाभराचा हिशेब जगण्या-मरण्याचा असतो, कारण ज्या भागाला संवेदना नाही तिथे दुखून कळत नाही. गावात असा जवान खुर्चीखाली ठेवलेल्या चहाच्या किटलीने पाय भाजून घेतो आणि संध्याकाळी मोजा काढताना घरच्यांना ते दिसते.

रोजचे आयुष्य इथे कातडी सांभाळण्यापासून सुरू होते. सकाळी अंग तपासायचे, न दिसणाऱ्या जागा आरशात पाहायच्या. बसल्या जागी थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन शरीर उचलायचे, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही. दिवसभर मोजून पाणी प्यायचे. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर स्वतःला कसे सरकवायचे हे नव्या माणसाला डॉक्टरापेक्षा शेजारच्या खाटेवरचा जुना जवान लवकर शिकवतो. मला वाटते, अशा निवासाचे सर्वांत मोठे बळ हेच आहे. गावात तो एकटाच असा असतो आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे कळवळून पाहतो. खडकीत शेजारी, समोर, पंगतीत सगळे व्हीलचेअरवर. तिथे कोणी कोणाची कीव करीत नाही. फौजेची जुनी सवय, म्हणजे एकमेकांची खोड काढणे, पलटणीच्या नावाने एकमेकांना डिवचणे, सगळे जिवंत राहते.

काम आणि खेळ यांची जोड सुरुवातीपासून दिलेली आहे. कार्यशाळेत हाताची कामे, पुढे संगणक आला. ज्यांचे हातही चालत नाहीत अशांतून तोंडात ब्रश धरून चित्रे काढणारे चित्रकार या घराने दिले आहेत. व्हीलचेअर बास्केटबॉल इथल्या जवानांचा आवडता खेळ. अलीकडे, २०१७ पासून, खडकीतच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात सैन्याचा पॅरालिंपिक विभाग चालतो. सुरुंगात पाय गमावलेले नागालँडचे होकाटो होतोझे सेमा तिथेच तयार झाले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी गोळाफेकीत १४.६५ मीटर फेकीने कांस्यपदक मिळवले. पण पाय गमावणे आणि मणका मोडणे यांत फार अंतर आहे. पहिल्याला कृत्रिम पाय लावून घरी जाता येते. दुसऱ्याला घरच बदलावे लागते.

खर्चाची बाजू थोडक्यात. संस्था विश्वस्त निधीच्या स्वरूपाची असून लष्कर तिच्या पाठीशी उभे आहे. राहणाऱ्यांची पेन्शन, देणग्या आणि केंद्रीय सैनिक बोर्डाचे अनुदान यांवर ती चालते. बोर्डाचे हे पैसे सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतात. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला हा निधी जमवला जातो. शाळेत मुलांच्या खिशाला जो छोटा कागदी झेंडा टाचला जातो त्यातून गोळा होणाऱ्या पैशाचा एक उपयोग खडकीत होतो, हे आपल्या शिक्षकांनी मुलांना त्या दिवशी जरूर सांगावे. पंजाबात मोहालीला १९७८ साली याच धर्तीवर दुसरे निवास सुरू झाले.

येथे राहणारे सगळेच युद्धात जखमी झालेले असतात असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. मणक्याच्या इजांचे मोठे कारण जगभर रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे हेच आहे आणि फौजही त्याला अपवाद नाही. डोंगरी रस्त्यावर ट्रक दरीत जातो. सुट्टीवर आलेला जवान रात्री मोटरसायकलवरून पडतो. नियमांच्या दृष्टीने मात्र यांत मोठा भेद आहे. शत्रूशी लढताना इजा झाली तर युद्धजखमेची पेन्शन, कर्तव्यावर झाली तर अपंगत्वाची पेन्शन, आणि सेवेशी संबंध नाही असा शेरा पडला तर हाती फारच थोडे. दहा वर्षे सेवा झालेली नसेल तर पूर्वी पेन्शन नसे, फक्त एकरकमी ग्रॅच्युइटी मिळे. विशी-बाविशीतला, पाच-सहा वर्षे नोकरी झालेला मुलगा मानेखाली लुळा होऊन पेन्शनविना घरी येई. १६ जुलै २०२० च्या संरक्षण मंत्रालयाच्या आदेशाने दहा वर्षांची अट काढली. कायमचे निकामी झालेल्यांना त्यापेक्षा कमी सेवेवरही इनव्हॅलिड पेन्शन मिळू लागली. पण ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर जे सेवेत होते त्यांनाच. त्याआधी बाहेर पडलेल्यांना या आदेशाने काही दिले नाही. मोडलेला मणका तारीख पाहत नाही, आणि ही तारीख त्यांच्यावर अन्याय करणारी आहे असे मी स्पष्ट म्हणतो.

शंभर टक्के अपंगत्व असलेल्यांना मदतनीस ठेवण्यासाठी भत्ता असतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा ६,७५० रुपये ठरला आणि महागाई भत्त्याबरोबर तो वाढतो. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आपल्याकडे मजुरीचा जो दर असतो त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. एवढ्या पैशात दिवसाचा माणूस मिळत नाही, मग रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलणारा कुठून मिळणार? म्हणून पेन्शन पुरेशी असलेल्या जवानालाही खडकीसारख्या घराची गरज पडते. पैसा आणि निवारा या दोन वेगळ्या गरजा आहेत.

एवढ्या मोठ्या देशात अशी घरे दोन : एक खडकीला, एक मोहालीला. हिवरखेडहून खडकी पाचशे किलोमीटरांच्या वर. तिथे मुलगा राहिला तर आईला वर्षातून एकदा भेटायला जायचे म्हणजे अकोल्यापर्यंत एस.टी., तिथून रात्रभराची रेल्वे आणि पुण्यात उतरायला कोणाचे तरी घर. पोळा, दिवाळी, घरातली लग्ने यांना तो असत नाही. संस्थेने जीव वाचवला, दिवसाला आकार दिला, पण माणूस आपल्या मुलखापासून तुटला, हे तिच्या थोरवीइतकेच खरे आहे आणि ते न सांगणे योग्य होणार नाही.

कायमचा आसरा देण्याची ही गोष्ट वऱ्हाडाला नवी वाटू नये. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या मुक्कामासाठी. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरोग्यांना कायमचे राहायला जागा दिली. आणि आपल्याच भागात, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला, शंकरबाबा पापळकर अनाथ आणि मतिमंद, मूकबधिर मुलांना वयाची अठरा वर्षे उलटल्यावरही सांभाळतात. अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर काढायचे हा नियम अशा मुलांच्या बाबतीत बदलावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार किंवा शिक्षण पुरे झाले की दार दाखवायचे नाही, हा विचार वझ्झरमध्ये आणि खडकीत एकच आहे. ज्या मुलखाने तपोवन आणि वझ्झर उभे केले, त्या मुलखाला पाच-दहा खाटांचे सैनिक निवास अवघड नाही. वऱ्हाडासाठी असे एक घर, लष्करी नसेल तर मोठ्या नागरी रुग्णालयाच्या शेजारी, व्हावे ही मागणी माजी सैनिकांच्या मेळाव्यात दर वेळी व्हायला हवी.

तोवर जे हाताशी आहे त्याचा उपयोग करावा. अकोला आणि अमरावती येथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. पेन्शन नसलेल्या, पासष्टीपुढच्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवा पत्नीला मिळणारी दरमहा ४ हजारांची मदत नोव्हेंबर २०२५ पासून ८ हजार करण्यात आली आहे. अर्ज याच कार्यालयामार्फत जातो. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व सैनिक विधवा सन्मान योजनेने २०२० पासून त्यांच्या एका घराची घरपट्टी माफ होते, तीही अनेकांनी अजून मागितलेली नाही. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर अशा जवानाच्या घरासमोर सिमेंटचा उतार आणि पक्क्या रस्त्यापर्यंत चार फूट रुंदीची फरशी घालणे फार खर्चाचे नाही. उतार बारा फुटांना एक फूट चढ या प्रमाणात असावा, त्याहून उभा केला तर खुर्ची वर ढकलता येत नाही.

आणि कोणाच्या घरी असा जवान असेल, विशेषतः नुकताच लष्करी रुग्णालयातून सुटणार असेल, तर त्याला घरी आणण्याआधीच खडकीच्या निवासाबद्दल रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलावे. प्रवेशाची वाट बहुतेक वेळा तिथूनच जाते. त्याच्या वैद्यकीय मंडळाचे कागद, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश यांच्या प्रती जपून ठेवाव्यात, आणि तो ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असून दहा वर्षे सेवा होण्याआधीच, सेवेशी संबंध नाही असा शेरा पडून, बाहेर पडला असेल तर त्या प्रती घेऊन अकोल्याच्या कार्यालयात २०२० च्या आदेशाचा दाखला देऊन अर्ज करावा.